तेल ओतण्याआधी: छोट्या बोटीच्या हायड्रॉलिक स्टिअरिंगचा दोष कसा शोधायचा

"मामा, तेल टाकू का?"

भाच्याचा हा ठरलेला प्रश्न. बोट अजून ट्रेलरवर नीट टेकलेली नसते, मालकाने "स्टिअरिंग बिघडलंय" एवढंच सांगितलेलं असतं, आणि याच्या हातात बाटली तयार. तेल टाकून बरं होणारं दुखणं असतं, नाही असं नाही. पण हायड्रॉलिक स्टिअरिंग, म्हणजे तेलाच्या दाबाने वळणारं स्टिअरिंग, ही बंद सिस्टिम आहे. इंजिन ऑइलसारखं यातलं तेल जळून कमी होत नाही. कमी झालं म्हणजे कुठूनतरी गेलं, आणि जिथून तेल गेलं तिथून बहुतेक वेळा हवाही आत आली. भोक न शोधता बाटली उलटी केली, तर तोच मालक पंधरा दिवसांनी तीच तक्रार घेऊन दारात उभा.

मी या धंद्यात उशिरा आलो. २१ वर्षं भोसरीत प्रेस यंत्रांच्या हायड्रॉलिकवर काम केलं. घर धायरीला, त्यामुळे खडकवासला, पानशेत, वरसगाव ही धरणं अंगणातली. पवनेला जायचं तर अख्खा दिवस मोडतो. कोकणातल्या मेकॅनिकला मिठाशी झगडावं लागतं. आमच्याकडे गोडं पाणी, म्हणून गंज कमी. पण ऊन, गाळ आणि मालकाचा आळस हे तिघं मिळून मिठाची कसर भरून काढतात.

मी बोलतोय ते आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेल्या, इंजिनाच्या छोट्या बोटीबद्दल, जिच्यात वीज किंवा बेल्टची मदत नसते, फक्त दंडाचा जोर असतो. चाकामागे पॅनेलमध्ये जो गोल डबा बसवलेला असतो, तोच पंप. त्याला हेल्म म्हणतात. चाक फिरवलं की आतले छोटे पिस्टन तेल ढकलतात, एका दिशेला एका होजमधून, म्हणजे रबरी नळीतून, दुसऱ्या दिशेला दुसऱ्या. मागे इंजिनाला आडवा सिलिंडर असतो. त्याच्या एका बाजूला तेल शिरलं की इंजिन वळतं आणि दुसऱ्या बाजूचं तेल परत पंपात येतं. पंपात चेक व्हॉल्व्ह असतात. ते तेल उलटं येऊ देत नाहीत, म्हणून चाक सोडलं तरी इंजिन वळवलं तिथेच राहतं. सोय छान आहे, पण तोटाही तोच. खडकवासल्याच्या पीकॉक बेवर एनडीएची, म्हणजे लष्करी प्रबोधिनीची, मुलं शिडाच्या बोटी शिकतात, त्यांच्या हातात सुकाणूचा दांडा थेट असतो. पाण्याने जरा ढकललं की तळव्याला कळतं. हायड्रॉलिकमध्ये इंजिनाकडून चाकाकडे काहीच पोचत नाही. म्हणून दोष हाताला उशिरा जाणवतो आणि तपासूनच काढावा लागतो.

पाना घेण्याआधी

मालकाला "काय होतंय?" असं विचारू नका. "चाकावर हात ठेवा आणि करून दाखवा" म्हणा. "खराब" या एका शब्दात चार वेगळी दुखणी लपलेली असतात. चाक जड आहे, चाक पोकळ लागतं, बोट एकाच बाजूला वळते, किंवा चाक सोडल्यावर इंजिन आपलं आपण सरकतं. यातल्या जडपणाचा आणि पोकळपणाचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

मग रंगीत टेपचा एक तुकडा चाकाच्या कडेवर चिकटवा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाकाचे किती फेरे होतात ते मोजा. नेहमीच्या छोट्या सेटमध्ये पंप एका फेऱ्याला साधारण २८ सीसी तेल ढकलतो आणि सिलिंडरला या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण १३० सीसी लागतं. म्हणजे साडेचार ते पाच फेरे. तुमचा सेट वेगळा असेल तर आकडा वेगळा येईल, पण बोट ठणठणीत असताना तो मोजून लॉगबुकात लिहून ठेवा. माझ्या वहीत अशा प्रत्येक बोटीचा आकडा आहे. पाचाचे साडेसहा झाले की बाकी काही न बघताही कळतं की पंपाचं तेल कामाला लागत नाहीये. एकतर ते हवा दाबतंय किंवा कुठल्यातरी सीलच्या बाजूने पळतंय.

एक गोष्ट मात्र दोष नाही. चाकावरचा कंपनीचा शिक्का काल वर होता, आज तिरका दिसतो, अशी तक्रार घेऊन लोक येतात. हायड्रॉलिकमध्ये चाकाची "सरळ" अशी जागाच नसते. टोकाला जोर दिला की थोडं तेल आतल्या आत सरकतं आणि चाक हळूहळू जागा बदलतं. तो तिरका शिक्का सरळ करायला मी एक पैसा घेत नाही, कारण मी तो सरळ करतच नाही.

जड स्टिअरिंग: आधी घटस्फोट

चाक जड आहे म्हटल्यावर सगळे पंपाकडे बघतात. तुम्ही मागे जा. किल्ली काढून खिशात घाला. सिलिंडर आणि इंजिनाचा आर्म यांना जोडणारा बोल्ट काढा आणि दोघांना वेगळं करा. इंजिन आता मोकळं झालं आहे, ते एकदम झुलतं, म्हणून बोटं मध्ये ठेवू नका. आता चाक फिरवून बघा.

चाक लोण्यासारखं फिरलं तर हायड्रॉलिक निर्दोष आहे. दोष इंजिनाच्या वळण्याच्या खुंटात, म्हणजे स्विव्हलमध्ये. इंजिन हाताने डावीउजवीकडे ढकला, ते करकरत अडेल. तिथे ग्रीसचे निपल असतात आणि बहुतेक बोटींवर ते रंगाखाली गाडले गेलेले असतात. ग्रीस गन लावा. ग्रीस आत जात नसेल तर जुनं ग्रीस आत सुकून खडू झालेलं आहे. निपल काढा, भोक साफ करा, गंज सोडवणारं पातळ तेल आत सोडा, इंजिन हलवत राहा आणि अर्ध्या तासाने परत गन लावा. काळं ग्रीस बाहेर येऊन मागून नवं दिसेपर्यंत थांबायचं नाही. ग्रीस पाण्यात न धुपणारं, मरीनचं घ्या. जून ते सप्टेंबर ताडपत्रीखाली पडून राहिलेल्या बोटीचं स्टिअरिंग दिवाळीत जड झालं, तर माझ्या अनुभवात दहातल्या सात वेळा एवढंच काम निघतं.

वेगळं करूनही चाक जडच असेल, तर दोष हायड्रॉलिकच्या बाजूला. होज कुठे दुमडली आहे का बघा. इंजिन पूर्ण वर उचलून दोन्ही टोकांना वळवा, कारण खाली असताना मोकळी दिसणारी होज वर उचलल्यावर चिमटीत सापडते. मग तेल.

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्याच हिवाळ्यात पानशेतच्या एका बोटीत मी भोसरीच्या सवयीने ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल भरलं. घरात होतं, स्वच्छ होतं, प्रेस त्याच्यावर सुखाने चालायचे. दुपारी ट्रायल घेतली, झकास. डिसेंबरात सकाळी सात वाजता मालकाचा फोन: "चाक आहे का जातं?" हा नंबर म्हणजे ४० अंश तापमानाला तेल किती घट्ट आहे त्याचं माप. प्रेसचं तेल गरम असतं. पाण्याकाठी दहा-बारा अंशांत तेच तेल काकवी होतं. या स्टिअरिंगना साधारण १५ नंबरचं पातळ तेल लागतं. स्टिअरिंग बनवणारी कंपनी सांगते तेच घ्या. महाग पडतं, पण एकदाच. अडचणीत सापडलात तर फेस न धरणारं पातळ हायड्रॉलिक तेल घरी पोचण्यापुरतं चालतं. ब्रेक ऑइल मात्र थेंबभरही नको. ते वेगळ्या जातीचं असतं, त्याने या सिस्टिमचे रबरी सील फुगतात आणि मऊ पडतात. मग एका सीलवर भागत नाही, पंपापासून सिलिंडरपर्यंत सगळे बदलावे लागतात.

पोकळ चाक: हवा

टोकाला नेऊन जोर दिला की चाक रबरासारखं आत जातं आणि सोडलं की मागे उसळी मारतं, म्हणजे आत हवा आहे. तेल दबत नाही, हवा दबते. खात्री करायची तर पंपाचं भरायचं झाकण उघडा, चाक टोकाला नेऊन दाबून धरा आणि भोकात बघा. तेलाची पातळी खाली गेली आणि चाक सोडल्यावर वर आली, तर हवा नक्की.

एअर काढायचं काम दोन माणसांचं आहे. एक चाकावर, एक मागे. आणि ते जमिनीवर करा. खडकवासल्याचं पाणी आपणच पितो. बोट पाण्यात ठेवून सिलिंडरचा निपल (हवा सोडायचा, ग्रीसचा नव्हे) उघडणाऱ्याला मी चहासुद्धा विचारत नाही. खाली ट्रे, ट्रेखाली पुठ्ठा, हाताशी चिंध्या.

पंपाच्या भोकात फिलरची नळी आट्यांवर फिरवून बसवा, दुसऱ्या टोकाला तेलाची बाटली उलटी लावा आणि बाटलीच्या बुडाला टाचणीने भोक पाडा, नाहीतर तेल उतरत नाही. पहिल्यांदा पूर्ण भरत असाल तर दोन लिटर तेल हाताशी ठेवा. सगळं आत मावत नाही, बरंच एअर काढताना बाहेर येतं. ही बाटली कामभर रिकामी होता कामा नये. एकदा घोटभर हवा आत गेली की श्रीगणेशापासून सुरुवात.

आता चाक उजवीकडे टोकापर्यंत फिरवा. सिलिंडरच्या ज्या बाजूने पिस्टनचा दांडा पूर्ण बाहेर आलेला दिसतो, त्याच बाजूचा निपल उघडायचा. याचं कारण नीट समजून घ्या, म्हणजे क्रम पाठ करावा लागणार नाही. दांडा तिकडे पूर्ण बाहेर आहे म्हणजे आतला पिस्टन त्या टोकाला टेकलेला आहे आणि त्या बाजूची पोकळी सगळ्यात लहान झाली आहे. आता उलट दिशेने फिरवून पाठवलेलं तेल त्या चिंचोळ्या जागेतून थेट निपलमधून बाहेर पडेल आणि जाताना हवा घेऊन जाईल. पिस्टन मधे असेल तर तिथे हवेला बसायला खोलीच मिळते. निपलला पारदर्शक नळी लावा, नळीचं टोक बाटलीत सोडा आणि रिंग पान्याने निपल दोन फेरे सैल करा. मागचा माणूस सिलिंडर हाताने घट्ट धरून ठेवतो, पिस्टन परत फिरू द्यायचा नाही. पुढचा माणूस चाक हळू, एका लयीत, डावीकडे फिरवतो.

नळीत आधी नुसता फेस येतो, साबणाच्या पाण्यासारखा. मग लाल तेलात मोठे बुडबुडे, मग मोहरीएवढे. इथेच भाचा म्हणतो, "मामा, संपली हवा." संपलेली नसते. मोहरी गेली की रव्यासारखे बारीक बुडबुडे येतात, उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नाहीत. तेही गेले आणि नळीत नुसती लाल काच दिसायला लागली, की चाक फिरतं ठेवूनच निपल बंद करा. चाक थांबवून बंद केलंत तर शेवटचा घोट परत आत.

मग चाक तसंच डावीकडे टोकाला न्या आणि दुसऱ्या बाजूचा निपल उघडून उलट दिशेने हेच करा. नंतर मी पंधरा मिनिटं काहीच करत नाही. पंप सगळ्यात उंच जागी असतो, चिकटून राहिलेले बुडबुडे तोवर वर चढतात. परत एक फेरी. होजचा मधेच उंट झाला असेल तर हवा त्या कुबडात बसून राहते. होज सरळ बांधा, त्याशिवाय कितीही तेल ओतलं तरी ती निघत नाही. शेवटी तेलाची पातळी भोकाच्या आट्यांच्या खालच्या कडेला ठेवा. काठोकाठ भरलंत तर उन्हात तेल फुगून झाकणातून पाझरतं आणि तुम्ही गळती शोधत बसता.

एकाच बाजूला वळते, किंवा आपोआप सरकते

उजवीकडे छान, डावीकडे चाक नुसतं फिरतंय. अशा वेळी माझा पहिला संशय चेक व्हॉल्व्हखाली अडकलेल्या कचऱ्यावर. दोन वर्षांपूर्वी असाच कचरा माझ्याच घरातून गेला. भाच्याने एका फिटिंगला नळाची पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली होती, बाथरूमचं काम नुकतंच केलेलं, हात शिवशिवत होते. आटे आवळताना टेपचा केसाएवढा तंतू आत कापला गेला आणि बरोबर व्हॉल्व्हच्या बैठकीवर जाऊन बसला. अर्धा दिवस गेला तो काढण्यात. हायड्रॉलिकच्या आट्यांना टेप लावायची नाही, पातळ पाइप सीलंट लावायचं, तेही पहिला आटा कोरडा सोडून. ओ रिंगवाल्या, म्हणजे रबरी कडी बसवलेल्या, फिटिंगला तेही नको.

असा कचरा कधीकधी चाक दोन्हीकडे झपाझप फिरवून सुटतो. नाही सुटला तर पंप काढून टेबलावर घ्या, खाली पांढरं कापड पसरून. धक्क्यावर उघडू नका. आतली स्प्रिंग एकदा पाण्यात गेली की गेली.

चाक सोडल्यावर इंजिन सरकत असेल, तर एकाने इंजिनाचा पाय हाताने जोरात ढकलावा आणि दुसऱ्याने पुढे चाकाकडे बघावं. इंजिन हललं पण सिलिंडर हललाच नाही, तर जोडाचा बोल्ट किंवा बुश ढिला आहे. बोल्टला नवा नायलॉक नट लावा, जुना परत वापरू नका, त्याची पकड गेलेली असते. इंजिन सरकलं आणि चाकही हळूच फिरलं, तर चेक व्हॉल्व्ह धरत नाहीये. इंजिन दबकून परत आलं तर हवा. चाक जागेवर आणि इंजिन मात्र कणाकणाने सरकतच राहिलं, तर सिलिंडरच्या पिस्टनच्या सीलवर संशय. खात्रीसाठी दोन्ही होज काढा, सिलिंडरची दोन्ही तोंडं प्लगने बंद करा आणि परत ढकला. तरीही सरकलं तर तेल आतल्या आत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातंय. सिलिंडर उघडायला हवा, पंप निर्दोष.

गळती

दांड्याच्या तोंडाशी ओलावा असेल तर दांड्यावर नख फिरवा. मे महिन्यात पाणी उतरतं, बोट गाळात टेकते, दांड्यावर चिखल सुकतो आणि पुढच्या खेपेला तोच चिखल सीलवर पॉलिश पेपरसारखा घासतो. दांड्याला नखाला लागणारा ओरखडा असेल तर नुसता सील बदलून उपयोग नाही. बोट सोडताना ओल्या फडक्याने दांडा पुसा, एवढं एकच काम मी मालकांना सांगतो आणि एवढंच ते करत नाहीत.

चाकाच्या मागून तेल ओघळत असेल तर पंपाच्या शाफ्टचा सील. पायावर थेंब पडेपर्यंत तो कोणाला दिसत नाही.

होज बदलायची तर जोडीनेच बदला. भोसरीत प्रेशर होज दाबून देणारी दुकानं आहेत, काम चोख करतात, पण जुनी फिटिंग सोबत न्या. आपल्याकडे बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे, आटे सर्रास. अमेरिकी पंपांवर बऱ्याचदा एनपीटी, म्हणजे अमेरिकी मापाचे, असतात. पाव इंची माप दोन्हीत दिसायला सख्ख्या भावांसारखं, पण एकाला इंचाला १९ आटे, दुसऱ्याला १८. दोन-तीन आटे गोडीत बसतात, मग अडतात, मग कोणीतरी पान्याला पाइप लावून जोर करतो आणि पंपाचं तोंड तडकतं.

पाण्यात असताना अचानक सगळं सुटलं, तर आधी थ्रॉटल खाली. लाइफ जॅकेट अंगात आणि किल स्विचची (ओढली की इंजिन बंद करणारी) दोरी मनगटाला असेलच असं धरतो. काठ जवळ असेल तर एक जुनी युक्ती आहे: बादलीला दोरी बांधून ज्या बाजूला वळायचंय त्या बाजूने पाण्यात सोडा आणि अगदी मंद गतीने चला, बादली ओढ धरते आणि बोट तिकडे झुकते. दोरी पंख्यापर्यंत पोचणार नाही एवढी आखूड ठेवा. वारा असेल तर हे खेळ नकोत, दुसऱ्या बोटीला हाक मारा.

काम झाल्यावर मी बोट त्याच दिवशी देत नाही. चाक दोन्ही टोकांपर्यंत दहा वेळा नेतो, दरवेळी टोकाला जरा दाबून धरतो. मग प्रत्येक फिटिंग, दोन्ही निपल आणि दांड्याची दोन्ही तोंडं कोरडी पुसून त्यांना पांढऱ्या टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळतो, रबर बँड लावतो आणि घरी जातो. सकाळी भाचा आधी पट्ट्या बघतो. सगळ्या पांढऱ्या असतील तर बोट पाण्यात. एखाद्या पट्टीवर लाल ठिपका दिसला, तर तेवढीच फिटिंग उघडायची.